गोलीचं एक आखूड पाऊल

पोस्टाच्या फुटबॉल संघात असताना तिला सगळे ‘भिंत’ म्हणायचे. नऊ वर्षं ती गोली म्हणून गोलमध्ये उभी राहिली. मग एका सामन्यात गुडघा असा पिरगळला, की डॉक्टरांनी खेळावर कायमची फुली मारली. पार्सलं वेगळी करायची सकाळपाळी तेवढी उरली. वर्षभर तिनं मैदानाकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एका वर्तमानपत्राला फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर लिहिणारं कुणीतरी हवं होतं. तिनं सहज एक परीक्षण पाठवलं आणि रविवारच्या पुरवणीत तिचं सदर सुरू झालं.

दरवर्षी नवा गेम आला, की तिची एक तक्रार ठरलेली असायची: ‘यातला गोली खोटा आहे. दोरीनं ओढल्यासारखा हवेत जातो.’ संपादक हे वाक्य बिनबोभाट कापायचे. गोलीच्या पायांचं कुणाला काय पडलंय, असं त्यांचं म्हणणं.

घरी तिच्यासमोर खेळायला बसायच्या सासूबाई. तीस वर्षं टायपिंग शिकवलेल्या बोटांना बटणं म्हणजे हातचा मळ. त्यांचा एकच डाव होता. उजव्या कोपऱ्यातून आत शिरायचं आणि लांबच्या खांबाकडे जमिनीलगत फटका मारायचा. पाच वर्षांत तो क्वचितच फसला होता.

यंदाचा गेम आला, त्या दुपारी तो सलग सात वेळा फसला.

“अगं, बॅटरी संपली की काय याची?” सासूबाईंनी रिमोट उलटासुलटा करून पाहिला.

“नाही हो आई. थांबा, पुन्हा मारा. तसाच मारा.”

तिनं तो फटका पडद्यावर संथ गतीनं पुन्हा पाहिला. झेप घेण्याआधी गोलीनं चेंडूच्या बाजूचा पाय टाकला. एकच, आखूड पाऊल. त्यावर भार दिला आणि मग तो उडाला. ती पडद्याजवळ जाऊन उकिडवी बसली. गुडघा ठणकला, तरी उठली नाही. ओल्या मैदानावर तिनं हजारदा टाकलेलं पाऊल होतं ते.

पुढचे दोन दिवस तिनं सासूबाईंना नुसते फटके मारायला लावले. बचाव करणाऱ्यांना आता खऱ्या मैदानासारखा वळायला वेळ लागत होता, दमलेल्या खेळाडूचा पास आखूड पडत होता. तिनं सगळं टिपून घेतलं.

परीक्षण वाचून संपादकांचा फोन आला. “बाकी सगळे म्हणतायत, जुनीच बाटली, नवं झाकण. आणि तू दहापैकी आठ देतेस?”

“त्यांनी गवत पाहिलं, जर्सी पाहिल्या. मी पाय पाहिले.”

“अर्धं परीक्षण गोलीवर आहे!”

“या वेळी एक शब्दही कापू नका, सर.” असं ती आजवर कधी बोलली नव्हती. पलीकडून उत्तर आलं, “बरं बाई, छापतो.”

रविवारी ते अख्खं छापून आलं. महिन्याभरानं वर्तमानपत्राच्या पत्त्यावर तिच्या नावानं पाकीट आलं. गेममधल्या खेळाडूंच्या हालचाली बसवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, ‘त्या एका पावलावर आमची दोन वर्षं गेली. ते दिसलं असं लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पुढच्या वर्षासाठी काही सुचवाल?’

तिनं पत्र मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

मग दोघी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसल्या. “पहिलं मी सांगते,” सासूबाई म्हणाल्या. “पंचाला म्हणावं, जरा डोळे उघडे ठेवून फिर. काल मला ढळढळीत पाडलं, तरी शिट्टी नाही!”

“मी पाडलं होतं, आई.”

“म्हणून तर म्हणते. लिही!”

ती हसत हसत लिहू लागली. पान भरलं, तेव्हा सासूबाईंनी वही आपल्याकडे ओढून शुद्धलेखन तपासायला घेतलं.