काण

"काण है." एवढंच बोलायचा आणि कापड माझ्या तोंडावर फेकायचा. असल्या माणसावर कोण लिहितं? मी लिहितोय, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

चंदिगडच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा कारखाना. तिथं आम्ही दवाखान्यांचे कोट, चादरी, गाऊन शिवायचो. हा तिथला कटिंग मास्टर, पंजाबी. मी साताऱ्याकडचा, चौथी शिकलेला, पलटणीत शिंपीकाम करून पुढं इथंच राहिलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ओ मराठे, पहले काण निकाल." मला ऐकू आलं कान. वाटलं, उशीर झाला म्हणून शिक्षा. मी कान धरून उभा राहिलो. सगळा हॉल हसला. तो नाही हसला. म्हणाला, "तेरा नहीं, कपड़े का."

तुम्ही दोरीवरची चादर काढून घडी घालताना बघा. कड कडेवर बसत नाही, एक कोपरा पुढं पळतो. ती काण. उभ्या-आडव्या धाग्यांचा काटकोन बिघडलेला असतो. मास्तर आडवा एक धागा ओढून काढायचा, त्या रेघेवर कापड कापायचा, मग दोघांनी समोरासमोरचे तिरके कोपरे धरून ताणायचं. दुसरा माणूस कायम मीच. बोटं सोलून निघायची. त्याची स्वतःची मान डावीकडं कललेली होती. ती काण कुणी काढली नाही.

एकदा घाईत मी न ताणताच बारा कोट कापले. शिवून, इस्त्री करून ठेवले. त्यानं सगळ्यांसमोर मलाच उसवायला लावले. "धुलते ही डॉक्टर की जेब पीठ पर चली जाएगी." उसवता उसवता मी मनात त्याच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या.

मला ताप आला होता तेव्हा कपाटाची किल्ली न्यायला तो घरी आला. बायकोनं चहा दिला. देताना तिनं झंपराचा डावा खांदा वर ओढला. सवयच होती तिची. यानं कप खाली ठेवला. "भाभीजी, यह इसने सिया है?" ती हसून हो म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाला, "काण है."

माझ्या घरात. माझ्या बायकोसमोर.

तो गेल्यावर मी तिच्यावरच खेकसलो, "फिरतंय तर सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुझाच खांदा वाकडा."

म्हणालो होतो. तीस वर्षं म्हणत होतो. कारखान्याचं कापड ताणून घ्यायचो, घरचं तसंच कापायचो. घरी कोण तपासणार?

तिच्या भावानं दिलेला हिरवा खण होता. हा सरळ शिवून देतो, म्हणालो. "बघू," म्हणाली. मग ती आजारी पडली, सेक्टर बत्तीसच्या सरकारी दवाखान्यात ॲडमिट. खण पिशवीत घेऊन मी तिच्या उशाशी बसायचो. एकट्यानं ओढायचो, काण जाईना.

एका दुपारी तो आला. खणाचं मी कारखान्यात बोललो होतो. तिला नमस्कार केला, मला नाही. "कपड़ा कहाँ है?" खण नळाखाली ओला केला, वॉर्डाच्या दारात उभा राहिला, एक कोपरा माझ्या हातात कोंबला आणि दुसरा ओढला. नर्सा बघत होत्या. मी ओरडणारच होतो, पण ती कॉटवरून हसत होती.

"जोरात ओढा की," म्हणाली. "सगळा जोर माझ्यावरच काढता."

कोपरे जुळले. "अब काट," म्हणाला आणि गेला.

कापायचा कसा? तिचं माप रोज उतरत होतं. बरी होऊ दे, अंग धरू दे, मग कापू, म्हणून मी थांबलो. ती गेली. जुन्याच झंपरात गेली, खांदा घसरलेल्या.

तेराव्याला तो आला. बाकीचे लोक मला धीर देत होते. यानं दारातूनच विचारलं, "काटा?" नाही कापला, म्हणालो. तसाच उलट्या पावली गेला. पुढं काम सोडून लेकीच्या गावी गेला म्हणे. कुठलं गाव, कुणाला ठाऊक नाही.

खण पेटीत आहे. मी अधूनमधून बाहेर काढतो, कोपऱ्यावर कोपरा ठेवतो. सुताएवढी जरी काण सापडली, तरी त्याचं गाव शोधत जाईन आणि तोंडावर फेकीन.

सापडत नाही.