नऊ उंदरांचा नकार

उंदीरमामा बावीस वर्षं मानसशास्त्र विभागाच्या तळघरात पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुतायत. कुठला उंदीर गाजर खात नाही, कुठला वीज गेली की घाबरतो, सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या मुलीचा वाढदिवस मात्र बायकोला विचारावा लागतो.

मी तिथल्या नीतिसमितीत बाहेरची सदस्य. माणसांवर, जनावरांवर प्रयोग करताना कुणाचे हाल होत नाहीत ना, हे बघायला नियमाप्रमाणे एक बिनपदवीचं माणूस लागतं. पदवीवाले पाच होतेच. त्यांना वाटलं, ही बाई चहा पिऊन गप्प बसेल. पहिल्याच बैठकीत त्यांचा गैरसमज दूर केला.

पण या घोटाळ्यात मीही होते, ते आधीच सांगते. प्रयोगात येणाऱ्या माणसांसाठी संमतिपत्र असतं. जनावरांसाठी वेगळा अर्ज: जीव किती, वेदना किती, दुसरा मार्ग का नाही. कारकुनाने कागद वाचवायला दोन्हींचं मिळून एकच पत्र छापलं. 'विद्यार्थी' काढून 'सहभागी' घातलं, झालं काम. जेवायची वेळ टळत होती. सहाही जणांनी न वाचता सह्या ठोकल्या.

पत्र तळघरात गेलं आणि मामांनी ते वाचलं. 'सहभागीला सर्व समजावून सांगावे. सहभागी कारण न देता नकार देऊ शकतो.' मामांनी प्रत्येक पिंजऱ्यापुढे स्टूल टाकून नऊ उंदरांना दोन्ही पानं वाचून दाखवली. मग सहीऐवजी पंजा उमटवायला शाईची बशी पुढे केली. नऊच्या नऊ उंदीर बशी हुंगून कोपऱ्यात जाऊन बसले. मामांनी लिहिलं, 'नकार. कारण विचारले नाही.'

याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात चाळीस विद्यार्थी होते. हजेरी मिळते म्हणून त्यांनी डोळे मिटून सह्या केल्या. डोक्यावर पंखा डगमगत होता, तरी एकही उठला नाही.

उंदरांनी महिनाभर भुलभुलैयात वाट शोधायची आणि शेवटी मेंदू तपासण्यासाठी त्यांना मारायचं, असं ठरलेलं होतं. विभागप्रमुख बाईंनी तातडीची बैठक बोलावली.

"मामा, उंदीर नकार देऊ शकत नाही."

"मग बाई, त्यांच्या सहीला जागा कशाला ठेवलीत?"

"ती चूक आहे हो!"

"असेल. खाली शिक्का तुमचा आहे."

मी मामांना व्हरांड्यात गाठलं. "खरं सांगा, शाईत काय होतं?"

"लिंबू. घट्ट झाली होती."

"लिंबाच्या वासाने उंदीर पळतात."

मामा छताकडे बघायला लागले. "असं असतं होय?"

"मामा, त्यांना फसवून नकार घेतलात. हीसुद्धा लबाडीच!"

"मग ताई, सांगा आत जाऊन."

माझा पारा चढला. सांगणार कशी? सांगितलं असतं तर नऊ जीव गेले असते. आत येऊन गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

समितीपुढे दोनच वाटा होत्या. एक तर आम्ही वाचत नाही हे कबूल करायचं, म्हणजे वर्षभराच्या सगळ्या फायली पुन्हा उघडायच्या. नाहीतर उंदरांचा नकार मान्य करायचा. पाच विद्वानांनी एकमताने उंदरांचं मत ग्राह्य धरलं.

पण प्रयोगातून सुटलेल्या जनावराला आठवड्यात घर मिळालं नाही, तर त्यालाही मारायचं, असा नियम निघाला. मामा म्हणाले, "माझ्या घरी." बाई म्हणाल्या, "घरच्यांची लेखी संमती आणा." आणि तेच छापील संमतिपत्र माझ्या हातात दिलं.

मी मामांबरोबर त्यांच्या घरी गेले, तेव्हा मामी शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून दोन्ही पानं वाचली. समितीत मला सहा वर्षं झाली, पत्र पूर्ण वाचणारं माणूस तोवर मी पाहिलं नव्हतं. मामा सोडून.

"'संभाव्य धोके' मोकळं का सोडलंय?"

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, बायको माहेरी जाईल."

"अगं, मारतील त्यांना," मामा दारातूनच म्हणाले. बावीस वर्षांत किती उंदीर त्यांनी स्वतः वरच्या मजल्यावर मारायला नेऊन दिले होते, ते मामींना ठाऊक असावं. त्यांनी अर्धा शिवलेला अभ्रा यंत्रावरून काढून बाजूला ठेवला.

"नर-माद्या एकत्र आहेत का? महिन्यात नव्वद होतील."

"सगळे नर आहेत."

"म्हणजे घरात एकूण दहा," मामी म्हणाल्या आणि माझ्याकडून पेन घेतलं.

शेवटच्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'पिंजरे गच्चीकडच्या खोलीत. रोज धुतल्याशिवाय यांना ताट मिळणार नाही. माझ्या यंत्राजवळ एकही दिसला तर दहाही बाहेर.' मग सही केली.

दुसऱ्या दिवशी मी ते समितीत मोठ्याने वाचलं, पहिल्या अक्षरापासून. जेवणाची वेळ झाली, गेली. कुणी हललं नाही. बाईंनी विचारलं, "पण ताटाची अट आपल्या अखत्यारीत येते का?"

"सहभागीने घातलीय," मी म्हटलं. "सही करा."