पोटात कापूस भरलेली गिटार

आमच्या मधल्या खोलीत वांग्याच्या टोपल्या ठेवायच्या जागी वर एक खुंटी होती. तिच्यावर यांची गिटार टांगलेली असे. टोपल्या पहाटे सेलूच्या बाजाराला जात आणि दुपारी रिकाम्या परत येत. गिटार कधी महिना महिना घराबाहेर पडत नसे, आणि गणपती लागले की रोज पडे.

मी चौथी शिकलेली. लिहायची सवय नाही. पण आता गुडघे दुखतात, भाजीच्या वाडीत जाणं होत नाही, आणि दुपार फार लांब वाटते. म्हणून लिहिते. कोणाला दाखवायचं नाही.

लग्नाआधी हे नागपुरात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. तिथेच गिटार शिकले आणि कोणाची तरी जुनी झालेली गिटार घेऊन गावी परतले. ती पोकळ होती, तपकिरी, पोट फुगलेली. पोटावर दोन वाकड्या फटी होत्या, चवळीच्या शेंगांसारख्या. मधे लोखंडाची एक पट्टी बसवलेली, तिच्यातून वायर निघून मशीनला जाई. मशीन म्हणजे आवाज मोठा करायचं. ते पार्टीचं होतं आणि सेलूला मास्तरांच्या घरी राही. मास्तर म्हणजे पेटी वाजवणारे, ऑर्केस्ट्रा पार्टी तेच चालवत.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. गावात वीज आली होती, पण आमच्या घरात आली नव्हती. संध्याकाळी वाडीतून आल्यावर हे हातपाय धुऊन ओसरीवर बसत आणि मी आत चूल पेटवी. आमच्यात बोलणं फार नव्हतं. मला बोलता येत नसे. नव्या नवरीची लाज म्हणावी, तर दोन लेकरं झाल्यावरही ती गेली नव्हती. पण ती गिटार पोकळ असल्यामुळे तिला वीज लागत नसे. यांनी ओसरीवर तार छेडली की आवाज भिंतीवरून चुलीपर्यंत येई. कोणती चाल धरली, किती हळू धरली, यावरून आज मन कसं आहे ते मला कळे. मी कधी चांगलं वाजवलं असं म्हटलं नाही. तवा उतरवून ठेवायची आणि भाकर थापणं थांबवायची, इतकंच. भाकरीचा आवाज थांबला की त्यांना समजत असावं.

कार्यक्रमाला मी जात नसे. सगळे आपल्याकडेच पाहतात असं वाटे. एकदाच गेले, शारदा उत्सवात, सासूबाईंनी ओढून नेलं म्हणून. बायकांच्या बाजूला, सगळ्यांत मागे बसले. पहिलं गाणं नीट झालं. दुसऱ्या गाण्याला मास्तरांनी मशीनचा आवाज वाढवला, कारण समोरची पोरं ओरडत होती, "आवाज! आवाज!" आणि यांनी तार छेडताच गिटार हंबरायला लागली. हूऽऽ, असा जाड आवाज, थांबेचना. यांनी तारांवर हात दाबला तरी थांबेना. भोंग्यांतून सगळ्या सेलूत गेला.

"म्हैस व्याली वाट्टे रे!" कोणीतरी मागून ओरडलं.

"काढनी घाला तिले, काढनी!" काढणी म्हणजे गुरांना बांधायची दोरी.

मंडप हसून लोटपोट झाला. मी पदर नाकापर्यंत ओढला. सासूबाई मात्र उभ्या राहून त्या पोरांना म्हणाल्या, "तुमच्या मायनं तुमाले तरी कोठं काढनी घातली रे?" लोक आणखी हसले. हे वायर काढून उरलेला कार्यक्रमभर नुसते हात बांधून उभे राहिले. ते पाहवेना.

दोन दिवसांनी मास्तर घरी आले. मी चहा ठेवून दाराआड उभी राहिले.

"भाऊ, पोकळ गिटारीचे दिवस गेले," मास्तर म्हणाले. "लोकायले आवाज पायजे. आवाज वाढवला का तुमची बाई बोंबलते. नागपुरात सारे आता पाटी वाजवून राह्यले."

पाटी म्हणजे भरीव गिटार. तिला पोट नसतं, सगळं एक लाकूड. मास्तरांनी कोणाची तरी मागून आणली होती. लाल रंगाची, चपटी. सासूबाईंनी ती हातावर तोलून पाहिली. "हे काय वं? याच्यावर तं पोया लाटाले बरं."

"आत्याबाई, लाटा तुमी पोया, पन हे बोंबलत नाई," मास्तर म्हणाले. "भोंग्याचा आवाज पोकळ गिटारीच्या पोटात शिरते. पोट हालते, तार हालते, तोच आवाज फिरून भोंग्यात. इहिरीत हाक मारल्यावानी. हिले पोटच नाई, तं शिरन कोठं?" मग यांच्याकडे वळून हळू म्हणाले, "पुढच्या गणपतीपर्यंत काईतरी करा भाऊ. माह्याजवळ पोट्टे येऊन राह्यले, पाटी घेऊनच येते. मले तुमाले काढाचं नाई. पन मी तरी काय करू?"

ती पाटी आठवडाभर घरी राहिली. संध्याकाळी हे ती घेऊन ओसरीवर बसले. मी चुलीपाशी वाट पाहिली. काहीच नाही. बाहेर येऊन पाहिलं तर बोटं चालत होती, नेहमीसारखी, आणि आवाज कसला, तर काचेच्या डब्यात माशी अडकावी तसा. दोन हातांवर ऐकू येईना.

"ऐकू येते का वं?" यांनी विचारलं.

"नाई."

"मशीनवर येते."

घरी मशीन कुठे आहे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी आत गेले. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं की माझ्या संध्याकाळीत चूल, भाकरी, लेकरांची रड यांखेरीज दुसरं काही होतं, ते एवढंच होतं, आणि ते आता जाणार आहे.

पण यांनी पाटी परत केली. मास्तरांना म्हणाले, "हिचा आवाज गोड नाई. मी माह्या गिटारीचं बोंबलनंच बंद करतो."

दिवाळीनंतर कापूस घरात आला. आमच्याकडे कापूस विकेपर्यंत मधल्या खोलीतच पडे, आढ्याला लागेल असा ढीग. लेकरं त्यात लोळत. हे त्या ढिगाला टेकून गिटार वाजवत होते, आणि अचानक म्हणाले, "कापसात दाबली का आवाज कमी होते, पाह्य." मग बसून आम्ही दोघांनी त्या चवळीच्या शेंगांएवढ्या फटींतून चिमूट चिमूट कापूस आत कोंबला. यांची बोटं जाड, मधेच अडकत. माझी जात. गच्च भरलं. अल्लीपूरला लग्नाचा कार्यक्रम होता, तिथे मशीन पुरं वाढवूनही गिटार हंबरली नाही. हे दुसऱ्या दिवशी आले ते शीळ घालत.

आमची चूक काय झाली, ती शेतकऱ्याच्याच घरात होऊ शकते. कापूस म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे वेचलेला कापूस येतो, सरकीसकट. तोच आम्ही भरला. आणि गिटार खुंटीला टांगली, खाली वांग्याच्या टोपल्या.

काही दिवसांनी दुपारी मी आणि सासूबाई वांगी निवडत होतो. डोक्यावर गिटार वाजली. टुंग. आम्ही वर पाहिलं. घरात कोणी नव्हतं. पुन्हा, टुंग, टुंग.

सासूबाईंच्या हातातलं वांगं पडलं. "अवं माय! ज्याची होती तो मेला वाट्टे नागपुरात. वाजवाले आला!"

"उंदीर असन," मी म्हटलं.

"उंदराले गिटार येते काय?"

गिटार खाली घेतली तर फटीतून दोन मिशा दिसल्या. सरकी खायला आत शिरलेला, आणि आत अंथरूण तयारच. एका फटीची कड कुरतडून त्याने रुंद केली होती. हे आल्यावर सासूबाईंनी सांगितलं, "तुह्यापेक्षा बरा वाजवते रे तो. त्याले घेऊन जाजो लग्नात." हे हसले, पण त्या कुरतडलेल्या कडेवरून बराच वेळ अंगठा फिरवत होते.

मग मी जुनी गादी उसवली आणि पिंजलेली रुई भरली. तिला उंदीर लागत नाही. पण रुई भरलेली गिटार घरीही मुकी. लाकडावर चापट मारल्यासारखा आवाज. म्हणून कार्यक्रमाला जाताना रुई भरायची आणि परत आल्यावर काढायची, हे माझं काम झालं. हे कोणी ठरवलं नाही. छत्रीच्या काडीला आकडी केली होती, तिने ओढून काढायची. पहाटे टोपल्या बाजाराला गेल्या की मी ओसरीवर गिटार मांडीवर घेऊन बसे, कोंबडी सोलावी तशी. रुई नाकात जाई. कोपऱ्यातली निघत नसे. दोन दोन तास जात, आणि मग निंदणाला उशीर झाला म्हणून मलाच बोलणं.

सणांच्या दिवसांत तर रोज. आज भर, उद्या काढ, परवा भर. लग्नसराईत वडनेर, अल्लीपूर, हिंगणघाट. वर्षं अशीच गेली. लेकरं शाळेत जायला लागली. घरात वीज आली, एक दिवा. आणि मी गिटार रिकामी करून खुंटीला लावी, पण संध्याकाळी हे ती घेतच असे नाही. वाडीतून येत, कार्यक्रमातून येत, जेवत, भिंतीला टेकत आणि तसेच झोपत. रिकाम्या गिटारीखाली रिकाम्या टोपल्या. तरी मी काढत राहिले. आज घेतील, असं वाटे. पंधरवड्यातून एखाद्या दिवशी घेत. त्या एका दिवसासाठी मी बाकीचे सगळे दिवस आकडी घालून बसे.

ऐंशी सालानंतर मास्तरांनी नवं मशीन आणलं. ते पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, भोंग्यांच्या जागी माणसाच्या उंचीची खोकी. रुई भरूनही गिटार हंबरायला लागली. यांनी फटींवर पुठ्ठा चिकटवला, मशीनकडे पाठ करून उभं राहून पाहिलं, आवाज कमी ठेवला. कमी ठेवला तर ढोलक्यांत ऐकू येईना. मास्तर पुन्हा आले. या वेळी चहाही घेतला नाही.

"भाऊ, आता गणपतीत पाटी आना, नाई तं बसून राहा. मी खरं बोलून राह्यलो, राग नका मानू."

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "घेऊन टाक ना बापा. काऊन आडून राह्यला? नागपूरचा दुकानदार जुनीवर नवी देते म्हनते ना?"

"हिचा आवाज गोड आहे," हे म्हणाले.

"मंडपात कोनाले गोड पायजे? अन् घरी कोन ऐकते?"

यावर हे काही बोलले नाहीत. चुलीकडे पाहिलंही नाही. पण मला कळलं. मंडपातल्या लोकांनी हसून घेतलं, मास्तरांनी ऐकवलं, पार्टीतली जागा जायची वेळ आली, तरी हे इतकी वर्षं ती पोकळ गिटार का धरून बसले होते, ते त्या न बोलण्यात कळलं. मला वाटायचं मीच एकटी ती जपते आहे.

रात्रभर विचार केला असं म्हणावं, पण नाही. मी पडल्या पडल्या झोपले. थकले होते. सकाळी ओसरीवर रुई काढायला बसले, आकडी कोपऱ्यात अडकली आणि निघेना. मी ती तशीच सोडली. हे गोठ्याकडून येत होते.

"पाटी घ्या," मी म्हटलं.

ते थांबले. मी आपणहून असं काही म्हणत नसे.

"मंग घरी?"

"घरचं राहू द्या."

"तुले..." एवढं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "थकली काय वं?"

"हाव."

"मी बी," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ती गिटार गेली, आकडीसकट. त्या बदल्यात पाटी आली, काळी, जड. गणपतीत हे मांडव हलवून आले, असं लोकांनी सांगितलं. जागा राहिली. फक्त घरी आल्यावर खांदा धरत, आणि मी तेल लावून देई. रुईचं काम संपलं होतं. सकाळी वेळ मिळे आणि संध्याकाळी चुलीपाशी नुसता लाकडांचा आवाज.

मग थंडीत एकदा मी मधल्या खोलीत दाराच्या फळीला पाठ लावून वांगी निवडत होते. पाठीत काहीतरी गुणगुणलं. मला वाटलं मणक्याचंच काही. पाठ सोडली, थांबलं. टेकली, पुन्हा. कान लावला. दारातून चाल येत होती, जुनी, ओळखीची, हळू. बाहेर ओसरीवर हे दाराशी बसून पाटी वाजवत होते, गणपतीनंतर पहिल्यांदाच, आणि थकलेलं माणूस टेकवतं तसं तिचं वरचं टोक त्यांनी दाराच्या फळीला टेकवलं होतं. सगळं दार बोलत होतं.

गाणं थांबलं. ते उठायला लागले असावेत, कारण फळी हलली.

"तशीच राहू द्या," मी आतून म्हटलं.

"काऊन?"

"ऐकू येते."

मग टोक पुन्हा फळीला लागलं. मी टोपली जवळ ओढली, पाठ दाराला लावली आणि किडकी वांगी वेगळी काढत बसले.