लाईट जायच्या आत

पाय तर लहानपणीच गेले होते, मी दहावीत असताना दादाचे हातही गेले. म्हणजे होते जागच्या जागी, पण पेन धरवेना, मग घास उचलेना. स्नायूंचा आजार. त्याआधी दोन वर्षं आमच्या वडिलांनी, आप्पांनी, त्याला शिरूरच्या कॉलेजात उचलून नेऊन बाकावर बसवला होता. घरात धड इंग्रजी येणारा तो एकटाच. मग कॉलेज सुटलं आणि मांडवगण फराट्याच्या आमच्या वस्तीवर खिडकीजवळची कॉट ही त्याची जागा झाली.

रांजणगावच्या कंपनीत असलेल्या मामेभावानं आपली जुनी गेमची मशीन त्याला आणून दिली. पण दादाच्या बोटांना रिमोटची बटणं दाबवेनात. तेव्हा ठरलं, बटणं माझी आणि डोकं त्याचं. "डावीकडं. अगं डावीकडं, जेवायच्या हाताकडं न्हाई," असं तो दिवसभर करायचा. मी तापट, मी पण उलट बोलायची. आईचं बाहेरून चालूच, "शेण तसंच पडलंय आन् महाराणी मारामाऱ्या करतीय."

गेम होता एका म्हाताऱ्या नावाड्याचा. पुरात हरवलेलं पोरगं शोधत तो नाव घेऊन निघतो. वीस वर्षं झालेली असतात, त्यामुळं सापडलं तरी पोरगं बापाला ओळखंल का, हा खरा प्रश्न. दादाला तेवढंच हवं होतं. "ओळखंल गं," असं तो मधेच, काही कारण नसताना म्हणायचा.

लढाई संपली की रिमोट चालायचा बंद व्हायचा आणि गोष्ट आपोआप पुढं सरकायची. दादा त्याला कट-सीन म्हणायचा, आई सिरीयल. मला त्याचा भारी कंटाळा. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, मी पहिला शब्द लावेपर्यंत वाक्य पसार. एक बटण दाबलं की ते सगळं टळायचं आणि माझा अंगठा कायम त्यावरच. पहिल्यांदा टाळलं तेव्हा दादा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

मग म्हणाला, "ह्या टायमाला तुझे हात पण कामाचे न्हाईत. तेवढा येळ आपण दोघं सारखे. तेवढं तरी ठेव की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून कट-सीन लागला की मी रिमोट त्याच्या हाताखाली गोधडीवर ठेवून द्यायची. आई पदराला हात पुसत आत यायची, कॉटच्या कडेला टेकायची आणि विचारायची, "काय म्हणाला रं तो?"

"थांब, ऐकू दे," म्हणत दादा ऐकून घ्यायचा आणि सांगायचा, "म्हणतोय, पाण्याला भिऊन माघारी फिरलो तर पोराला तोंड काय दाखवू." आईचे डोळे भरायचे. त्या वेळी तो आजारी माणूस नसायचा, आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडं बघत असायचो.

शेवटची लढाई आम्ही दीड महिना हरत होतो. एक दिवस दादा म्हणाला तसंच्या तसं मी केलं आणि जिंकलो. घड्याळात दोनला पाच कमी. पडद्यावर नाव काठाला लागत होती, काठावर कोणीतरी उभं होतं.

आणि आमच्या वस्तीवरची लाईट दोनला जायची.

ज्यांच्याकडं लाईट कायम असते त्यांना हे कळणार नाही. लाईट जायच्या आत टाकी भरायची, दळण आणायचं, मोबाईल चार्जिंगला लावायचे, सगळं लाईट जायच्या आत. कट-सीन संपल्याशिवाय जिंकलेलं सेव्ह होत नाही, हे मला ठाऊक होतं. मधेच लाईट गेली तर दीड महिना पाण्यात. म्हटलं, आधी सेव्ह तरी होऊ दे, मग निवांत बघू. मी ते बटण दाबलं.

काठ गेला, नाव गेली. काळ्या पडद्यावर गेम करणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली. सेव्ह झालं होतं. पण तो सीन परत लागेना. बघायचा तर लढाई परत जिंकायची.

दोन वाजले. सव्वादोन वाजले. लाईट गेली नाही. पंखा फिरत होता, मी त्याच्याकडं बघत होते आणि मनातून म्हणत होते, जा की गं बाई, आता तरी जा. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत गेली नाही.

"जाऊ दे," दादा म्हणाला. "उद्या परत जिंकू."

उद्या त्याला ताप आला. परवा छाती कफानं भरली. गाडी करून दौंडला दवाखान्यात नेलं. तिथं बसल्या बसल्या मी मोबाईलवर त्या गेमचा शेवट शोधून काढला, कुणीतरी टाकला होता. त्याच्यापुढं धरून म्हटलं, "बघतोस?"

त्यानं मान फिरवली. नर्सनं पाणी पाजायला तोंडावरचा मास्क काढला तेव्हा म्हणाला, "लोकांनी जिंकलेलं न्हाई बघायचं. घरी गेल्यावर."

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. जन्मात कधी त्याचं पहिल्या झटक्यात ऐकलं नाही, आणि ऐकलं ते त्या दिवशी. चौथ्या दिवशी दादा तिथंच गेला.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी मशीन लावली. किती दिवस हरले मोजलं नाही. डावीकडं, डावीकडं, असं आता माझं मीच म्हणत होते. जिंकले तेव्हा भर दुपार होती. रिमोट कॉटवर ठेवला, त्याचा हात असायचा तिथं, आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

नाव काठाला लागली. काठावर पोरगा, आता बाप्या झालेला. म्हातारा काहीतरी म्हणाला. पोरगा दोनच वाक्यं बोलला. खालची अक्षरं पळून गेली. मला त्यातला 'वॉटर' तेवढा कळला. पोरगा नावेत बसला, पण नावेत तर अनोळखी माणूसही बसतो. ओळखलं की नाही, तोंडावरून काही समजेना.

आई कधी आत आली कळलं नाही. कॉटच्या कडेला टेकली होती.

"काय म्हणाला गं तो?"

खोटं सांगता आलं असतं. दादानं तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"मला न्हाई कळलं, आई."

ती पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला कळलं असतं."