कुणी विचारलं नव्हतं

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, व्हर्लिन हाउक, याला मत नाही असा विषय देवाने अजून निर्माण केलेला नाही. नेब्रास्कातल्या आमच्या भागात कच्च्या रस्त्यांवर काउंटीचं ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवण्यात त्याची सगळी नोकरी गेली. केबिनमध्ये एकटा, सोबतीला रेडिओ. रेडिओवरचा माणूस बोलायचा, व्हर्लिन त्याला उत्तर द्यायचा, आणि रेडिओ काही उलटून बोलत नाही. त्यामुळे प्रत्येक वाद आपणच जिंकतो अशी याची समजूत होऊन बसली. निवृत्त झाल्यावर ही सगळी बडबड घरी आली. डोरीनने, म्हणजे माझ्या बहिणीने, एक हिवाळा सोसलं. मग पुतणीला बोलावून तिने त्याला एक ब्लॉग काढून दिला.

"काय सांगायचंय ते जगाला सांग," ती म्हणाली. "मला भांडी घासू दे."

ब्लॉगचं नाव त्याने ठेवलं, 'कुणी विचारलं नव्हतं, पण'.

लिहायचा मात्र झकास, हे मी मान्य करते. दोन्ही पक्षांचे उमेदवार मक्याच्या शेतात उभे राहून फोटो काढतात आणि दोघांच्याही बुटांना चिखल नसतो, असं त्याने लिहिलं तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक त्याच्यावर सारखेच चिडले. टीव्हीवरचे फाटक्या जीन्सवाले धर्मोपदेशक, पॅंटवर चड्डी घालून जग वाचवणारे सिनेमातले वीर, ट्रक आणि पळून गेलेली बायको यांच्यापुढे न सरकणारी गाणी, यांतलं कुणी त्याच्या तडाख्यातून सुटलं नाही. देव बहुधा आमच्यासारखा मेथडिस्टच असावा, पण जेवायला शेजारच्या पंथाच्या लुथेरनांकडे जात असेल, असंही एकदा लिहिलं. आमच्या चर्चच्या पास्टर ब्रेनासुद्धा त्यावर हसल्या. मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मला वाटतं, त्या हसण्यानेच तो शेफारला.

मग त्याने तो प्रार्थनेवरचा लेख लिहिला.

आमच्या चर्चमध्ये रविवारी उपासनेच्या मध्यावर एक वेळ असते. ज्याला काही आनंदाचं किंवा काळजीचं सांगायचं असेल त्याने हात वर करायचा, पास्टर माइक नेऊन देतात, आणि मग सगळे मिळून त्या गोष्टीसाठी प्रार्थना करतात. कुणाचा गुडघा, कुणाची नात, कुणाची हरवलेली गाय. आर्डिस पेल्टन दर रविवारी हात वर करायची. विधवा बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली. तिचं मागणं एकच: "माझ्या ट्रॉयसाठी." ट्रॉय तिचा एकुलता एक मुलगा. पाठीच्या दुखण्यावर दिलेल्या गोळ्यांच्या नादी लागला, मग चोऱ्या, मग तुरुंग. आर्डिस यातलं काही बोलायची नाही. "माझ्या ट्रॉयसाठी," एवढं म्हणून माइक परत द्यायची.

व्हर्लिनने लिहिलं की काही लोक देवाला बहिरा समजतात. तेच नाव, तेच गाऱ्हाणं, दर आठवड्याला. देवाने पहिल्यांदाच ऐकलं असेल आणि विचार करून नाही म्हटलं असेल, तर? शेवटी लिहिलं, प्रार्थनेलाही कधीतरी मुदत असावी, दुधाच्या बाटलीवर असते तशी.

उचलली जीभ लावली टाळ्याला. गावात सगळ्यांनी वाचलं, आणि खोटं कशाला बोलू, बरेच जण हसले.

त्यानंतरच्या रविवारी आर्डिसचा हात वर गेला नाही. पुढच्याही नाही. पास्टर ब्रेना दर वेळी तिच्या बाकाजवळ क्षणभर थांबायच्या आणि ती हातातलं गाण्याचं पुस्तक चाळत बसायची. ऑर्गनवरच्या आरशात मला सगळं चर्च मागे दिसतं. तिची मान खाली असायची आणि कानांच्या पाळ्या लाल. व्हर्लिनला काही कळलं नाही. शेवटी डोरीननेच एकदा रविवारच्या जेवणावर विषय काढला. मी तिथेच होते.

"आर्डिस गप्प का झाली, माहीत आहे ना?"

"मी नाव घेतलंय का कुणाचं?"

"व्हर्लिन, या गावात दर रविवारी एकच नाव घेणारी बाई एकच आहे."

"मी एकंदर प्रार्थनेबद्दल लिहिलं होतं. माझं ते मत आहे."

"तुझं मत तुझ्या ताटात ठेव आणि जेव," मी म्हटलं. माझ्याच्याने राहवलं नाही.

तो जेवला नाही. बटाटे काट्याने इकडून तिकडे ढकलत बसला. त्याच दुपारी त्याने तो लेख काढून टाकला आणि पुन्हा ब्लॉगला हात लावला नाही. कॉफीच्या दुकानात कुणी त्याला नव्या गव्हर्नरबद्दल विचारलं तर "बघू या," म्हणून कपात बघायचा. आर्डिस दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. जन्मभर कुणाला न लाजलेला माणूस, त्याला लाजावं कसं हेच माहीत नव्हतं. डोरीन रोज सांगायची, "जाऊन तिला दोन शब्द बोल." पण आमच्याकडचे पुरुष दोन शब्द बोलण्यापेक्षा दोन झाडं पाडून देतील. वसंतात बर्फ वितळून आर्डिसच्या दाराकडच्या वाटेची चाळण झाली, तेव्हा हा ट्रॅक्टरला पातं जोडून गेला आणि सबंध वाट सपाट करून आला.

"काय म्हणाली?" डोरीनने विचारलं.

"थॅंक्यू म्हणाली. लिंबाच्या वड्या दिल्या." त्याने डबा टेबलावर ठेवला. "दारातच. आत ये म्हणाली नाही."

"तू काही बोललास?"

"रस्त्याला खडी कमी आहे म्हटलं."

डोरीनने कपाळाला हात लावला. त्या वड्या त्याने खाल्ल्या नाहीत, आम्हालाही खाऊ दिल्या नाहीत. डबा फ्रिजमध्ये तसाच राहिला आणि फ्रिज उघडला की याचं तोंड उतरायचं. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

जूनमधल्या एका रविवारी माझं वाजवणं संपलं, पास्टर ब्रेनांनी माइक हातात घेतला, आणि आरशात मला दिसलं की व्हर्लिनचा हात वर आहे. जाहीरपणे केलेला गुन्हा जाहीरपणेच कबूल करायचा, असं त्याने मनाशी ठरवलेलं. डोरीनला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने त्याला कोटाला धरून खाली बसवलं असतं.

"मला ट्रॉय पेल्टनसाठी प्रार्थना मागायची आहे," तो म्हणाला.

इथेच बसला असता तर बरं झालं असतं. पण व्हर्लिनला एका वाक्यावर थांबणं कधी जमलंय?

"ट्रॉयला आपण सगळे लहानपणापासून ओळखतो. तो गोळ्यांच्या आहारी गेला. त्याने आईच्या घरातलं विकलं, शेजाऱ्यांच्या शेडमधली हत्यारं विकली. तुरुंगात गेला. हे काही लपलेलं नाही. त्याची आई त्याच्यासाठी मागत होती आणि मी तिची टिंगल केली. मी म्हटलं, देवाने नाही म्हटलं असेल. मला लाज वाटते, आर्डिस. आपण त्याचं नाव पुन्हा घेऊ या. तो जिथे असेल तिथे..."

"व्हर्लिन," आर्डिस म्हणाली. "तो माइक बंद कर."

ती उठून उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक. व्हर्लिनला वाटलं, तिचं मन भरून आलंय.

"नाही आर्डिस, मला बोलू दे, माझीच चूक..."

"तो बाहेर ट्रकमध्ये आहे," ती म्हणाली. "तो ऐकतोय."

साथीच्या वर्षी आम्ही चर्चमध्ये एक छोटं यंत्र बसवून घेतलं होतं. इथल्या माइकवर बोललेलं बाहेर उभ्या गाड्यांच्या रेडिओवर ऐकू येतं. साथ गेली, यंत्र राहिलं. पायऱ्या चढता न येणारे म्हातारे अजून गाडीत बसून उपासना ऐकतात. आर्डिस हल्ली तिचा ट्रक लांब, कब्रस्तानाच्या कुंपणाला लागून लावायची. आम्हाला वाटायचं, सावलीसाठी.

बाहेर इंजिन सुरू झालं. आर्डिसच्या ट्रकचा सायलेन्सर फुटका आहे, सबंध गाव तो आवाज ओळखतं. खडीवर चाकं फिरली, आवाज हमरस्त्याकडे गेला आणि कमी कमी होत गेला. व्हर्लिन माइक हातात धरून उभाच. पास्टर ब्रेनांनी तो त्याच्या बोटांतून सोडवून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी वाजवायला लागले. काय वाजवलं ते आठवत नाही, चुकतच होतं. मला माझ्या घरच्या माणसाची इतकी लाज वाटत होती की मागे आरशात बघायची हिंमत होईना.

आर्डिसला घरी न्यायला गाडी नव्हती. ती चालत निघाली होती, डोरीनने तिला जवळजवळ ओढून आमच्या गाडीत बसवलं. पुढे व्हर्लिन आणि डोरीन, मागे मी आणि आर्डिस.

"ईस्टरच्या आधी सुटला," आर्डिस खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आल्यापासून घरातच असतो. तू वाट सपाट केलीस ना व्हर्लिन, तेव्हा स्वयंपाकघरात होता. म्हणून तुला आत ये म्हटलं नाही."

"आर्डिस..." व्हर्लिन म्हणाला.

"गाडीतून ऐकतो म्हणाला, तर ऐकू दे म्हटलं. आज सकाळी आपणहून म्हणाला, पुढच्या रविवारी आत येईन. कुठला शर्ट घालू, विचारत होता."

डोरीन रडायला लागली. आर्डिस तिला "असू दे, असू दे" म्हणत राहिली, जणू चूक डोरीनची होती आणि ती माफ करून टाकत होती. मला तर गाडीतून उडी मारावीशी वाटली.

तिच्या दारात ट्रक उभा होता. तो दिसला तेव्हा आर्डिसने इतका मोठा श्वास सोडला की मला कळलं, वाटभर ती कशाला घाबरत होती. ट्रॉय पायऱ्यांवर बसला होता. बारीक झालेला, केस कापलेले, चाळिशीतला माणूस. आम्हाला बघून उठला, शाळेत मोठ्यांसमोर उठायचा तसा.

"आई, सॉरी. तुला सोडून आलो."

"काही नाही रे. आले ना मी."

व्हर्लिन गाडीतून उतरला. टोपी काढून हातात धरली. "ट्रॉय, बेटा," एवढंच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापाशी शब्द नव्हते, आणि नेमके आत्ताच हवे होते.

"मिस्टर हाउक," ट्रॉय म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमचं सगळं वाचलंय मी. आई लायब्ररीतून छापून पाठवायची, दर पत्रात एक. आमच्या बराकीत मी मोठ्याने वाचायचो. ते चिखल न लागलेल्या बुटांचं तर पोरांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं."

व्हर्लिनने आर्डिसकडे बघितलं. ती पर्समध्ये किल्ली शोधत होती. किल्लीची गरज नव्हती, दार उघडंच होतं.

"मग एकदम यायचे बंद झाले," ट्रॉय म्हणाला. "आई हवापाण्याचं लिहायची, तुमचं काहीच नाही. का बंद झाले ते इथे येऊन फोनवर शोधलं तेव्हा कळलं. लेख काढून टाकलात तुम्ही, पण लोकांनी जपून ठेवलाय."

"मी..."

"तिकडे असताना मला वाटलं, तुम्ही वारलात." तो थोडं हसला, खाली बघून. "आईला विचारलं नाही, तिला आणखी वाईट वाटायला नको म्हणून. आमच्याकडे बुधवारी चर्चचे लोक यायचे, कुणासाठी प्रार्थना करायची ते विचारायचे. मी तुमचं नाव द्यायचो. सुटेपर्यंत दर बुधवारी दिलं."

आर्डिसने त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं आत गेली. व्हर्लिन सपाट केलेल्या त्या वाटेवर उभा होता, टोपी छातीशी धरून, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. डोरीनने त्याला हाताला धरून आणलं आणि शेजारच्या सीटवर बसवलं. परत येताना गाडी तिने चालवली.