नापासांच्या वकीलबाई

नारायण पेठेतल्या आमच्या वकीलबाई नापास झालेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारत तो असा : "आपण नापास झालात, ते बरोबरच झालात ना?" आधीच माझं कॉलेजातून नाव काढलेलं, त्यात हे ऐकायचं. माझे बाबा यवतमाळहून रात्रभर एस.टी.त बसून आले होते. ते उठून उभेच राहिले. "तुमच्याजवळ टोमणे ऐकाले आलो का आम्ही, बाई?" बाईंचा आवाज जराही चढला नाही. "बसा. पेपरातले मार्क मी वाढवू शकत नाही आणि कोर्टही वाढवत नाही. ती आशा सोडली असेल, तर चहा टाकते."

मी तेव्हा कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकत होते. हिंजवडीत नुकत्याच काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि कॉम्प्युटरची पदवी मिळाली की जन्माचं कल्याण झालं, असं आमच्या गावात सगळे धरून चालले होते. दुसऱ्या वर्षी पहिल्या सत्रात मला मेसच्या कृपेनं कावीळ झाली, दुसऱ्यात गणितानं आडवं केलं. कॉलेजचा नियम होता, अमुक इतके विषय राहिले की नाव कमी. मात्र त्याच नियमात पुढे असंही होतं, की नाव कमी करण्याआधी विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. बाईंचं बोट नेमकं त्या वाक्यावर थांबलं.

"कावीळ एका सत्राची. दुसऱ्या सत्राचं काय?" त्यांनी विचारलं.

"गणित कळलंच नाही," मी पुटपुटले.

"छान. अर्जात तसंच लिहू."

"अवो, हे कायले लिहिता?" बाबा कळवळले. "पोरगी ढ आहे असं वाटंन ना जजसायबाले!"

"वाटू दे. ढ माणसाचंही म्हणणं ऐकावं लागतं. हुशारांचं तर कोणीही ऐकतं."

बाईंच्या ऑफिसात शिरलं की पहिल्या खोलीत अशिलं दिसत नसत, बाकांवर मान खाली घालून गणितं सोडवणारी मुलं दिसत. केस चालू असेपर्यंत रोज सकाळी तिथं येऊन अभ्यास करायचा, ही बाईंची अट होती. जो येणार नाही त्याचं वकीलपत्र परत. "कोर्ट आपल्याला परीक्षेला बसवेल. पास कोण करणार, न्यायमूर्ती?" असं म्हणून त्या चष्मा कपाळावर चढवून आमच्या वह्यांवरून नजर फिरवत. त्यांना त्यातलं काही कळत नसे, पण पान कोरं असलं की बरोबर कळे. पूर्वी त्यांनी काही मुलांना केस जिंकून परीक्षेला बसवलं होतं आणि ती त्याच परीक्षेत पुन्हा झोपली होती. ती गोष्ट बाईंना फार लागली होती.

मुंबईला हायकोर्टात आमची तारीख लागली. कॉलेजचं म्हणणं होतं, सुनावणी रीतसर झाली आहे, नाव कमी करायच्या सगळ्या मुलांना सभागृहात बोलावलं होतं. न्यायमूर्तींनी साधंच विचारलं, "मग ही मुलगी काय म्हणाली?" कॉलेजच्या वकिलांनी मागे बसलेल्या आमच्या प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापक सरळमार्गी होते. ते उठून म्हणाले, "तिला बोलायला वेळच उरला नाही, सर. आम्ही अभ्यासाचं महत्त्व समजावून सांगत होतो." कोर्टात हशा पिकला. मास्तर मंडळींना समोर मुलं बसलेली दिसली, की राहवत नाही! सगळा वेळ त्यांनी व्याख्यानातच घालवला होता. नाव काढण्याचा आदेश रद्द झाला आणि मला परीक्षेला बसू द्या असं कोर्टानं सांगितलं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "भूक लागली आहे. आणि उद्या सकाळी यायचं आहे, विसरू नका."

निकाल घेऊन मी धावत त्यांच्याकडे गेले, तेव्हा मात्र बाई वेगळ्याच दिसल्या. कोर्टात ताठ उभं राहणारी ती बाई खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. "प्रस्तावना नको. पटकन सांगा."

"पास. सगळ्या विषयांत."

त्या मटकन खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. "अहो, मी केस हरले तर वरचं कोर्ट असतं. तुम्ही परीक्षेत हरलात, तर मी कुठं दाद मागू?" मग बाकांवरच्या मुलांना म्हणाल्या, "तुम्हाला कोणी थांबायला सांगितलं? चालू द्या." बाईंनी माझ्यासाठी किती भीती पोटात ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं आणि मला रडू आलं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या भाचीनं आठवणी सांगायला म्हणून आम्हाला घरी बोलावलं होतं. चांगल्या कपड्यांतली, चांगल्या हुद्द्यांवरची माणसं खुर्च्यांवर अवघडून बसली होती. "आपली मावशीशी ओळख कशी?" भाची एकेकाला विचारत होती. "जुनी ओळख," एक म्हणाले. "घरच्यासारख्याच होत्या," दुसऱ्या म्हणाल्या. पुढं कोणी काही बोलेना. मीही सासरी किंवा ऑफिसात ही गोष्ट आजवर काढली नव्हती. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसच्या मजल्यावर तर मी कधी नापास झाले असेन, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "मला नापास म्हणून कॉलेजातून काढलं होतं. बाईंनी परत परीक्षेला बसवलं."

मग शेजारच्या टक्कल पडलेल्या गृहस्थांनी मोठा श्वास सोडला. "मलाही," ते म्हणाले. "दोनदा."

आणि मग सगळ्यांना एकदमच बोलायचं होतं.