कॅलेंडरचं कव्हर

माझ्या पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मी महिनाभर व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर टाकत होते. अंगठे भरपूर आले, वाचल्याचं मात्र कुणी बोलेना.

काल शेजारच्या सुलभाताई गॅलरीत वाचत बसलेल्या दिसल्या. पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं.

"काय वाचताय?"

"तुमचंच की. पुढं भिशीतल्या सगळ्याजणींकडे फिरणार आहे, मळायला नको."

ज्या मुखपृष्ठासाठी मी चित्रकाराशी भांडले होते, ते पार झाकलं गेलं होतं. माझ्या नावाच्या जागी तारखेच्या चौकोनात 'दूध नको' असं लिहिलेलं होतं. वाईट वाटायला हवं होतं. पण शाळेत आपण वर्षभर हाताळायच्या पुस्तकांनाच तर कव्हर घालायचो. कपाटात ठेवायच्या पुस्तकाला कोण घालतं?

आज सकाळी मी ग्रुपवर नवा फोटो टाकला. त्यात माझं नाव कुठंच दिसत नाही.